निजामी राज्यातली संघटना

नांदेडच्या कामगार चळवळीची गोष्ट उस्मानशाही मिलशिवाय सांगता येत नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं नाव लावलेली ही कापडगिरणी. भोंगा झाला की पाळी सुरू. सूतखात्यातल्या कामगाराने पाळीभर उभं राहायचं, तुटला धागा की चिमटीत पिळून जोडायचा. कापसाचे तंतू नाकातोंडात जायचेच. पगार हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या चलनात. गाऱ्हाणं न्यायचं तर जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे, आणि नोकरीही त्याच्याच मर्जीवर.

मुंबईच्या कामगाराच्या हाती १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होता. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा. निजामाच्या हद्दीत त्याचा अंमल नव्हता. इथे होता ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हा सरकारी हुकूम: परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. गेटवर चार माणसं जमवता येत नसतील तर संघटना उभी राहणार कशी? म्हणून या मुलखात पगारवाढ मागणं हेसुद्धा राजकारणच ठरलं. माझ्या मते मराठवाड्याच्या कामगार चळवळीचं वेगळेपण इथेच आहे.

स्वामी रामानंद तीर्थांना आपण मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. पण संन्यास घेण्याआधी, व्यंकटेश खेडगीकर या नावाने, ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करत होते. १९२० साली मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी हे जोशी. तिथून स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३८ च्या निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. त्यांच्या चरित्रातलं हे कामगारपर्व फार थोडक्यात उरकलं जातं, याची खंत वाटते.

१९४६ मध्ये अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. तिचे अध्यक्ष उर्दू कवी मख्दूम मोहिउद्दीन. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असं तीन भाषांचं हे संस्थान. संघटनेला बोलायचं होतं ते या सगळ्यांशी. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी संपली.

मराठवाड्यातल्याच लातूरची तऱ्हा निराळी. १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी रेल्वे आली आणि आडत बाजार फोफावला. इथला कष्टकरी मुख्यतः पाठीवर पोती वाहणारा हमाल. त्याला एक मालक नाही, हजेरीपुस्तक नाही. अशा कामगारासाठी महाराष्ट्राने माथाडी कायदा केला तो १९६९ साली.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ झालं. त्याच्या इतिहास विभागाने जुन्या गिरणी कामगारांच्या आणि हमालांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. वाचकहो, तुमच्या घरात पगाराची चिठ्ठी किंवा युनियनची पावती असेल तर ती रद्दीत घालू नका, जपून ठेवा.