विमानात आधी कोण चढतं आणि तुमचे पॉइंट्स जातात कुठे? उमराह आणि आखाती प्रवाशांनी समजून घ्यावं असं काही

मुंबई विमानतळावर जेद्दा किंवा दुबईच्या गेटवर हे दृश्य रोजचंच आहे. घोषणा व्हायच्या आधीच अर्धं गेट उठून रांगेत उभं राहतं. मग कर्मचारी येतो, बोर्डिंग पास बघतो आणि म्हणतो, "चाचा, तुमचा झोन अजून आला नाही, बाजूला थांबा." आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे लागतं. आपल्यालाच का अडवलं, असं वाटतं. त्याच वेळी कुणी आरामात येऊन थेट आत निघून जातो.

दुसरी गोष्ट या रांगेत दिसत नाही. कोकणातली, मराठवाड्यातली आपली माणसं पंधरा-वीस वर्षं आखातात ये-जा करतात. दर वर्षा-दोन वर्षांनी तिकीट, मध्येच कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला धावपळ. एवढ्या प्रवासावर मिळू शकणारे पॉइंट्स अनेकांच्या खात्यात कधी जमाच झाले नाहीत, कारण खातंच उघडलेलं नव्हतं.

या दोन्ही गोष्टींचे नियम आहेत आणि ते अवघड नाहीत.

रांगेचा क्रम कसा ठरतो?

बहुतेक कंपन्यांचा क्रम साधारण असा असतो. सर्वात आधी व्हीलचेअरवरचे आणि मदतीची गरज असलेले प्रवासी, तान्ह्या मुलांना घेऊन आलेली कुटुंबं. मग फर्स्ट आणि बिझनेस क्लास. त्यानंतर कंपनीचे नेहमीचे प्रवासी, म्हणजे ज्यांच्याकडे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा आहे ते. शेवटी इकॉनॉमी क्लासचे झोन किंवा ग्रुप. हा झोन बोर्डिंग पासवर छापलेला असतो. कुठे अक्षर असतं, कुठे आकडा. सीट नंबरच्या आसपास तो शोधा, बहुतेक वेळा सापडतो.

म्हणजे आधी जाणाऱ्यांमध्ये तीन प्रकारचे लोक असतात: ज्यांना गरज आहे, ज्यांनी जास्त पैसे दिलेत आणि जे वारंवार येतात. उरलेल्यांचा क्रम विमान लवकर भरावं या हिशेबाने लावलेला असतो.

इथे एक गंमत आहे. मागच्या रांगा आधी भरल्या की विमान लवकर भरेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. जेसन स्टेफन या खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये यावर गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे विमानाच्या नकली केबिनमध्ये ७२ माणसं बसवून प्रयोगही झाला. मागून पुढे भरायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागला. कुणीही कसंही चढा म्हटल्यावर पावणेपाच मिनिटांच्या आसपास. आधी खिडकीवाले, मग मधले, मग कडेचे, असं केल्यावर सव्वाचार मिनिटं. स्टेफनच्या स्वतःच्या पद्धतीने साडेतीनच्या थोडं वर.

कारण सोपं आहे. वेळ चालण्यात जात नाही, बॅग वर ठेवण्यात जातो. मागच्या पाच रांगांमधली तीस माणसं एकदम आत गेली, तर ती एकाच जागी एकमेकांना अडवतात. पसरून बसवली तर अनेक जण एकाच वेळी बॅगा ठेवतात. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ पासून खिडकीवाल्यांना आधी सोडण्याची पद्धत परत आणली ती याचसाठी. पण घरची माणसं शेजारी बसलेली असतील तर त्यांना वेगवेगळं करून चढवता येत नाही. म्हणून सर्वात वेगवान पद्धत कागदावरच राहते.

घाई कशासाठी? खरा प्रश्न बॅगेचा

सीट कुणी पळवत नाही. बोर्डिंग पासवर नंबर आहे, ती तुमचीच. शेवटी चढलात तरी विमान तुमच्याआधी उडत नाही, फक्त गेट बंद व्हायच्या आत पोहोचायला हवं. गेट साधारणपणे उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. बोर्डिंग पासवर ही वेळ लिहिलेली असते. उड्डाणाची वेळ लक्षात ठेवून चहा पीत बसणारे इथेच फसतात.

संपते ती डोक्यावरच्या कप्प्यातली जागा. विमान भरलेलं असेल तर शेवटच्या झोनमधल्या लोकांच्या केबिन बॅगा गेटवरच काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात. त्यासाठी सहसा पैसे लागत नाहीत, पण बॅग थेट उतरल्यावर पट्ट्यावर मिळते.

उमराहला जाणाऱ्यांसाठी ही बारीक गोष्ट मोठी ठरू शकते. मुंबईहून थेट जेद्दाला जाताना मीकात विमानातच ओलांडली जाते, उतरायच्या आधी. इहरामच्या चादरी त्या बॅगेत असतील आणि बॅग खाली गेली असेल, तर माणूस हवेत अडकला. मधुमेहाची औषधं, इन्सुलिन, चष्मा, हॉटेल आणि व्हिसाचे कागद, रोख रियाल यांचंही तेच.

उपाय एकच आणि फुकटचा आहे. केबिन बॅगेच्या आत एक छोटी कापडी पिशवी ठेवा. इहराम, औषधं, कागद, पैसे, चार्जर त्या पिशवीत. बॅग मागितली तर पिशवी काढून घ्या आणि बॅग देऊन टाका. अनेक जण इहराम घरून किंवा विमानतळावरूनच बांधून निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तेच सोयीचं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी. गेटवर आयत्या वेळी मागितली तर वाट बघावी लागते. व्हीलचेअरवरचा प्रवासी आधी आत जातो, पण उतरताना सहसा शेवटी उतरतो. पुढची कनेक्टिंग फ्लाइट असेल तर हा वेळ धरूनच तिकीट काढा.

पॉइंट्स म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपला 'अॅडव्हान्टेज' कार्यक्रम सुरू केला आणि काही वर्षांत जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने तसाच काढला. कल्पना किराणा दुकानदाराची आहे: नेहमी माझ्याकडे या, वर्षाखेरीला काहीतरी देईन.

आपल्या माणसांच्या उपयोगाचे कार्यक्रम मोजकेच आहेत. एमिरेट्सचा स्कायवर्ड्स आहे आणि फ्लायदुबईलाही तोच चालतो. सौदियाचा अल्फुरसान, कतार एअरवेजचा प्रिव्हिलेज क्लब, एतिहादचा एतिहाद गेस्ट. एअर इंडियाचा फ्लाइंग रिटर्न्स आता महाराजा क्लब नावाने चालतो. इंडिगोने २०२४ मध्ये ब्लूचिप आणला. या सगळ्यांचं सभासदत्व मोफत आहे आणि मोबाइलवरून पाच मिनिटांत मिळतं.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक कार्यक्रमांत पॉइंट्स जो प्रवास करतो त्याच्या नावावर जमा होतात, पैसे कुणी भरले त्याच्या नाही. कुवेत किंवा दम्मामच्या कंपनीने तुमचं सुट्टीचं तिकीट काढलं असेल तरी पॉइंट्स तुमचेच. फक्त कंपनीचा याबाबत वेगळा नियम असेल तर आधी विचारून घ्या. ती अमानत आहे.

किती मिळतात? हिशेब करून बघू

पूर्वी जितके मैल उडालात तितके मैल मिळायचे. आता एअर इंडिया, इंडिगोसह अनेक कंपन्या किती रुपये खर्च केले त्यावर पॉइंट्स देतात. आखातातल्या काही कंपन्या अंतर, क्लास आणि भाड्याचा प्रकार यावर देतात. त्यामुळे एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळे पॉइंट्स मिळू शकतात. ज्याचं तिकीट सर्वात स्वस्त, त्याला सर्वात कमी.

समजा, तुमचं तिकीट २८,००० रुपयांचं आहे. त्यातले ८,००० सरकारी कर आणि विमानतळाचे आकार. त्यावर सहसा पॉइंट्स मिळत नाहीत. उरले २०,०००. कंपनी शंभर रुपयांना पाच पॉइंट्स देत असेल तर झाले १,०००. एका पॉइंटची किंमत चाळीस पैसे धरली तर तुमच्या हातात आले ४०० रुपये.

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण अंदाज येतो. यातून दोन धडे निघतात. पहिला, पॉइंट्ससाठी म्हणून तीन हजार महाग तिकीट घेऊ नका, तो तोट्याचा सौदा आहे. दुसरा, जे तिकीट तुम्ही तसंही काढणारच आहात त्यावरचे ४०० रुपये सोडू नका. पाच जणांचं कुटुंब, वर्षाला एक प्रवास, दहा वर्षं, असा गुणाकार केला की रक्कम वीस हजारांवर जाते.

आणि 'फुकट तिकीट' हा शब्द सांभाळून घ्या. पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि काही कंपन्यांचे जादा आकार रोख भरावे लागतात. ईदच्या आणि शाळेच्या सुट्टीच्या दिवसांत पॉइंट्सवरच्या सीट मिळणंही कठीण असतं.

कुठे अडतं?

नाव. आपल्याकडे ही अडचण जास्त आहे. पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण, तिकिटावर 'मोहद', खात्यात वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि पॉइंट्स जमा होत नाहीत. खातं पासपोर्टवर आहे अगदी तस्संच उघडा.

ग्रुपचं तिकीट. उमराह टूरवाले बहुतेक ग्रुप भाड्यावर तिकिटं घेतात. अनेक कार्यक्रमांत अशा भाड्यावर पॉइंट्स नसतात किंवा अगदी कमी असतात. हजच्या चार्टर विमानांचंही साधारण तसंच. टूरवाल्याला पैसे देण्याआधी विचारा, पण नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका. स्वस्त पॅकेजची ती किंमत आहे.

वेगळी कंपनी. एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये आहे, सौदिया स्कायटीममध्ये, कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये. एका गटातल्या कंपनीने उडून दुसरीच्या खात्यात पॉइंट्स टाकता येतात. एमिरेट्स आणि इंडिगो मात्र यातल्या कुठल्याच गटात नाहीत. एका प्रवासाचे पॉइंट्स एकाच खात्यात जातात, दोन्हीकडे नाही.

मुदत. स्कायवर्ड्सचे मैल तीन वर्षं टिकतात. कतारचे पॉइंट्स ३६ महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात. दोन-तीन वर्षांनी एकदा घरी येणाऱ्या कामगाराचे पॉइंट्स साठायच्या आधीच संपतात. त्यावर उपाय म्हणजे कुटुंबाचं एकत्र खातं. ही सोय काही कंपन्या देतात आणि बायको-मुलांचे मैल एकाच ठिकाणी जमतात. आणि चार कंपन्यांत थोडे थोडे साठवण्यापेक्षा आपल्या मार्गावरची एक-दोनच धरून ठेवा.

राहून गेलेले पॉइंट्स. सभासद नंबर द्यायला विसरलात तरी प्रवासानंतर काही महिने मागणी करता येते. त्यासाठी तिकिटाचा १३ आकडी नंबर लागतो. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सौदियाचे ०६५. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे हा नंबर नव्हे. पॉइंट्स दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

क्रेडिट कार्डचे पॉइंट्स आणि व्याज

बँका विमान कंपन्यांसोबत कार्डं काढतात. खरेदी करा, मैल मिळवा. इथे थांबून विचार करा. बिल वेळेवर पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. मिळालेले मैल एका महिन्यात धुऊन निघतात आणि माणूस सूद भरत बसतो. कार्डाच्या करारातच व्याजाची अट असते, म्हणून काही उलेमा कार्डच टाळायला सांगतात. काही जण मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी परवानगी देतात आणि पॉइंट्सकडे कंपनीने दिलेली भेट म्हणून बघतात. आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारून ठरवा. विमान कंपनीचं साधं सभासदत्व मात्र वेगळं आहे. त्यात उधारी नाही, व्याज नाही.

निघण्याआधी एवढं करा

- घरातल्या प्रत्येकाचं खातं पासपोर्टवरच्या नावाने उघडा. मुलांचंही उघडता येतं का ते बघा.
- तिकीट काढतानाच एजंटला सभासद नंबर द्या. चेक-इन काउंटरवर पुन्हा एकदा विचारा.
- बोर्डिंग पासवर तीन गोष्टी बघा: गेट, गेट बंद होण्याची वेळ, झोन.
- तुमचा झोन पुकारेपर्यंत बसून राहा. वडीलधारे आणि लहान मुलं सोबत असतील तर कर्मचाऱ्याला आधीच सांगा, बहुतेक वेळा आधी सोडतात.
- इहराम, औषधं आणि कागद छोट्या पिशवीत, अंगाजवळ.
- प्रवासानंतर दोन आठवड्यांनी खातं उघडून पॉइंट्स आलेत का ते बघा. नसतील तर मागणी करा.

गावातल्या ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही, त्यांचं खातं घरातल्या शिकलेल्या मुलाने-मुलीने उघडून द्यावं आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहून द्यावा. पाच मिनिटांचं काम आहे. अब्बांच्या पुढच्या तिकिटावर ते खातं कामाला येईल.