सुरतेतला गाडीचा क्लेम : सर्व्हेअरच्या आकड्यापासून आयोगापर्यंत

अपघातात चेपलेल्या गाडीचा खर्च विमा कंपनीने नाकारला किंवा कापला, तर सुरतेतल्या वाहनमालकाला 1986 पर्यंत दिवाणी कोर्टाखेरीज फारसा मार्ग नव्हता. 1973 पासून वाहनविम्याचा धंदा चार सरकारी कंपन्यांच्या हाती होता आणि सर्व्हेअरने लिहिलेला आकडा बहुधा शेवटचा ठरे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विमा थेट ‘सेवे’च्या व्याख्येत घेतला. जिल्हा मंचाची मर्यादा तेव्हा 1 लाख रुपये होती. एखादी फियाट बसे, नवा ट्रक बसत नसे.

रिंग रोडच्या कापड बाजारात तागे वाहणाऱ्या टेम्पोंच्या गावात पहिला अडसर ‘व्यापारी हेतू’ या शब्दांचा होता. माल वाहून पैसे मिळवणारा मालक ग्राहक कसा, असा कंपन्यांचा सवाल. त्याचे उत्तर गुजरातमधल्याच हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणाने दिले. विमा नफ्यासाठी नव्हे, नुकसान भरून निघावे म्हणून घेतला जातो, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2004 मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाची मोहोर मात्र 2023 मध्ये उमटली. तोवर कित्येक टेम्पोंचे सांगाडे भंगारात गेले असतील.

बहुतेक भांडणे बिलाच्या कपातीवरून होतात. तीन वर्षे उलटलेल्या, पण चार न झालेल्या छोट्या मोटारीचे उदाहरण घ्यावे. बंपर 8,000, बॉनेट 12,000, पेंटिंग 10,000, असे गॅरेजचे बिल 30,000 रुपये. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणून बंपरचे 4,000 मिळतात. पत्र्यावर 25 टक्के, म्हणून बॉनेटचे 9,000. पेंटिंगच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याचा निम्मा कापला जातो, उरतात 8,750. सक्तीची वजावट 1,000. वेगळी मजुरी आणि कर बाजूला ठेवले तरी मालकाच्या खिशातून 9,250 रुपये जातात. ही कपात पॉलिसीच्या अटींतच असल्याने ग्राहक कायदा तिथे हात टेकतो. वाहनविम्याची ठरवून दिलेली दरबंदी 2007 पासून उठू लागल्यावर पुढे ‘झिरो डेप’ आले, ते जादा प्रीमियम घेऊन ही खोट भरून काढायला.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा टक्कर न होताही गाड्या गॅरेजात गेल्या. पाण्यात उभ्या गाडीला चावी मारली की पाणी सिलिंडरात शिरते. ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान पुराचे नसून चालकाच्या चुकीचे, असा कंपन्यांचा नेहमीचा पवित्रा. इंजिनाचे वेगळे संरक्षण ही आज पॉलिसीतली ओळखीची जोड आहे.

सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात सांगितले. पुढच्याच वर्षी अमलेंदु साहू प्रकरणात, खासगी मोटार भाड्याने दिली एवढ्यावर सगळा क्लेम नाकारता येत नाही, असे ठरले. अशा दाव्यात 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची रीत आहे. गॅरेजची बाजू 2014 मध्ये पुढे आली. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेकॅनिकला न मिळू देणाऱ्या 14 मोटार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला.

2019 चा नवा कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. पॉलिसी मुंबईत काढलेली असली तरी लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबाला आता सुरतेतच तक्रार करता येते. जिल्हा आयोगाची (पूर्वीच्या मंचाची) मर्यादा, विमा-प्रकरणी भरलेल्या प्रीमियमवरून मोजलेली, आधी 1 कोटी होती. डिसेंबर 2021 पासून ती 50 लाख आहे. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांचीच. अहमदाबादच्या विमा लोकपालाकडेही विनाशुल्क जाता येते, पण तोच वाद आयोगात असेल तर लोकपाल दार उघडत नाही. समोरच्या गाडीकडून झालेल्या इजेची भरपाई या दोन्हींकडे मागता येत नाही. ती मोटार अपघात न्यायाधिकरणातच मागावी लागते.