पंपाच्या फरशीखाली

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामजवळ एकामागून एक बंद पडल्या. सगळ्यांनी एकाच पंपावर डिझेल भरले होते. गाड्यांच्या टाक्या रिकाम्या केल्या, तर डिझेलबरोबर पाणीही निघाले. पंपाला सील लागले. पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपले असावे, असे सांगण्यात आले. एखाद्या रिक्षावाल्यावर हीच वेळ आली असती, तर प्रकरण गॅरेजपुढे गेले नसते.

पंपावर आपल्याला दिसते ते मशीन आणि नोजल. खरा साठा फरशीखाली, हजारो लिटरच्या पोलादी टाक्यांत असतो. या टाक्यांचा परवाना देणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. तिचे नाव पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’. आधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला, मग टाक्या, पाइप आणि मोकळ्या अंतरांचा मंजूर नकाशा, मग परवाना. पाया १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम. या नियमांचा जन्म आगीच्या धास्तीतून झाला आहे, आणि ती धास्ती रास्तच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. म्हणून टँकर खाली करण्याआधी अर्थिंगची वायर जोडायची, टाकीतली वाफ व्हेंट पाइपने उंचावर सोडायची.

गळतीचा मात्र ना आवाज होतो ना भडका. पोलाद गंजते, जोड सैल होतो आणि इंधन थेंबाथेंबाने मातीत उतरते. ते पकडण्याचे सर्वांत जुने हत्यार म्हणजे डिप रॉड. टाकीत खुणांची दांडी सोडायची, पातळीवरून लिटर काढायचे, कालचा साठा आणि आजची विक्री यांच्याशी ताळा जुळवायचा. पण २०,००० लिटर पेट्रोल पाच अंशांनी थंड झाले की गळती नसतानाही शंभरेक लिटर ‘कमी’ भरते. एका दिवसाच्या तुटीवरून म्हणूनच काही कळत नाही. ती रोज एकाच बाजूला झुकू लागली, की संशय घ्यायचा. अनेक पंपांवर आता पातळी मोजणारे स्वयंचलित यंत्र असते. तरी आकडे पाहून कपाळाला आठी घालणारा माणूस लागतोच.

अमेरिकेला हा धडा महागात पडला. तिथे गळक्या टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा झाला आणि १९८८ मध्ये नियम आले. जुन्या टाक्या गंजरोधक करा, बदला किंवा बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ची मुदत दिली गेली. त्याआधीच, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे, पाण्यात सहज विरघळणारे एमटीबीई भूजलात पोहोचले होते. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. देशभर आजवर नोंदलेल्या गळत्या पाच लाखांहून अधिक आहेत.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये आली. नवा पंप शाळा, रुग्णालय, वस्तीपासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. अट चांगली आहे, पण ती नव्या पंपांसाठी. इमारतींना खेटून उभ्या असलेल्या जुन्या पंपांचे काय, हा प्रश्न अंतराच्या अटीने सुटत नाही. तिथे भिस्त टाकीच्या तपासणीवर आणि डिपच्या नोंदवहीवरच.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पूर्वी टाकीत शिरलेले पाणी तळाशी वेगळे बसायचे. दांडीच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला की कळायचे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी मुरून जाते. ते मर्यादेबाहेर गेले की इथेनॉललाही सोबत घेऊन खाली बसते. वर उरते कमी ऑक्टेनचे पेट्रोल, आणि तळाच्या मिश्रणावर इंजिन चालत नाही. हा थर साध्या पेस्टला नीट सापडत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट वापरावी लागते. पावसाळ्यात मॅनहोलचे झाकण, त्याचे रबर आणि भोवतीचा उतार रोज पाहावा लागतो तो यासाठीच.

ग्राहकाला पंपावर घनता तपासून मागता येते. १५ अंश सेल्सिअसला आणलेला आकडा नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून जास्त हलता कामा नये. मागितल्यास पाच लिटरचे मापही दाखवावे लागते. टाकी मातीत गळते आहे का, हे मात्र यातल्या कोणत्याच चाचणीत दिसत नाही.