घरातील वीज नेमकी कोठे जाते?

ओसरीवरचा दिवा थोडा अधिक वेळ जळत राहिला, की घरातील वडीलधारी माणसे लगेच टोकतात. त्याच घरात पहाटेपासून पाणी तापविण्याचा हीटर एकामागून एक बादल्या तापवीत असतो. त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. बिल आले, की दोष दिव्याच्या माथी येतो. काटकसर करावयाची तर वीज कोठे खर्च होते, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

युनिटचा हिशेब

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणावर लिहिलेले वॅट व ते चालण्याचे तास यांचा गुणाकार करून त्यास १,००० ने भागावे. ९ वॅटचा एलईडी दिवा १० तास जळला, तरी युनिटचा दहावा भागही पुरा खर्च होत नाही. याउलट २० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसने तापविण्यास जवळजवळ अर्धे युनिट लागते. म्हणजे एका बादलीच्या विजेत तो दिवा पाच रात्री जळेल. रोज चार बादल्या तापविणाऱ्या घरात यापायी महिन्यास सुमारे ५६ युनिट खर्च होतात.

महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० व ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातील युनिटास दर अधिक पडतो. महिन्यास १३० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचविले, तर ते सर्व महाग दराचे असतात. लहान बचतीचेही मोल म्हणूनच मोठे आहे.

पाणी

शक्य तेथे सौर बंब बसवावा. तो नसल्यास तुराट्या, पऱ्हाट्या यांवर पेटणारा साधा बंब अंगणात वापरावा. धूर घरात कोंडू देऊ नये. हीटर वापरणे भाग असल्यास पाणी हवे तितके तापताच तो बंद करावा. बटण बंद करून पिन काढल्याखेरीज पाण्यात हात घालू नये. यात जिवाचा धोका आहे.

पंखा

७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास फिरल्यास महिन्यास २७ युनिट खर्च होतात. सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटांत भागवितो. नवा पंखा महाग पडत असला, तरी जो पंखा सर्वाधिक वेळ चालतो तो प्रथम बदलावा. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर वेग कमी करतो, परंतु वीज स्वतःच तापण्यात घालवितो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावावा.

चूल

डाळी व कडधान्ये भिजवून शिजवावीत, भांड्यावर झाकण ठेवावे व ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. चार-पाच मोठी जनावरे असणाऱ्या शेतकऱ्याने गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. गोवऱ्या जाळल्या, की शेणातील नत्र धुराबरोबर जाते. गोबर गॅसमध्ये मात्र इंधनही मिळते आणि उरलेली मळी खत म्हणून शेतास परत जाते.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व्याख्यानाऐवजी मीटरच दाखवावा. एखाद्या घरी इतर सर्व उपकरणे बंद करून १,००० वॅटचा हीटर पाण्यात ठेवून अर्धा तास चालवावा व मीटरचे आकडे आधी-नंतर लिहून घ्यावेत. मग तेवढाच वेळ फक्त एक दिवा लावून आकडे पुन्हा पाहावेत. घरातील स्त्रिया व शाळकरी मुले या वेळी आवर्जून हजर असावीत, कारण रोजचा वापर त्यांच्याच हातून होतो.

यानंतर प्रत्येक घराने दर आठवड्यास एका ठरावीक वारी मीटरचा आकडा वहीत टिपावा. दुधाचा व मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या घरास हे काम जड नाही. महिना संपण्यापूर्वीच खर्च कोठे वाढला ते त्यावरून कळेल, आणि बिल हातात पडल्यावर दिव्याला बोल लावण्याची पाळी येणार नाही.