ऊर ते मकपेला: अब्राहामाचा प्रवास टप्प्याटप्प्याने

भुसावळ-अकोला पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. त्यामुळे बोदवडच्या आसपासच्या काही ख्रिस्ती घरांत अब्राहामाची गोष्ट आजी-आजोबांपासून चालत आलेली आहे. पण ती बहुतेकदा तुकड्यातुकड्यांत ऐकायला मिळते. एका रविवारी त्याला आलेले बोलावणे, मग चार महिन्यांनी त्याच्या मुलाचे, इसहाकाचे, अर्पण. मधला रस्ता राहूनच जातो, आणि शिकण्यासारखे जे आहे ते बरेचसे त्या मधल्या रस्त्यावरच आहे.

म्हणून आपण ती सलग वाचू. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीमध्ये, ११ व्या अध्यायाच्या शेवटापासून २५ व्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत हा प्रवास आहे. रोज एक अध्याय घेतला तर पंधरवड्यात होतो. सोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक मुक्कामाचे नाव व दिलेले वय लिहीत जावे. वय लिहिणे कंटाळवाणे वाटेल, पण पुढे त्याचाच उपयोग होतो.

पहिला टप्पा ऊर ते हारान. ऊर आजच्या दक्षिण इराकमध्ये, हारान आजच्या तुर्कस्तानात. अंतर सुमारे हजार किलोमीटर. बोदवडवरून जाणारा मुंबई-नागपूर लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे. त्याहून लांब वाट, आणि तीही गुराढोरांसकट. निघताना घरातला वडीलधारा तेरह होता. कनानला जायचे म्हणून निघालेले हे कुटुंब हारानला पोचले आणि तिथेच राहिले. अर्ध्या वाटेवर बरे गाव लागले की माणूस बूड टेकतो. देवाचे ऐकायचे ठरवून पहिल्याच सोयीच्या जागी थांबलेली माणसे आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या कुटुंबात, आपणही पाहिली असतील.

दुसरा टप्पा १२ व्या अध्यायात. अब्राम (त्याचे नाव तेव्हा हेच होते) ७५ वर्षांचा असताना हारान सोडतो. कुठे जायचे ते ठिकाण त्याला सांगितलेले नाही. मी दाखवीन तिकडे चल, एवढेच. इथे वाचणारा हमखास एक चूक करतो. पुढचे सगळे स्पष्ट दिसल्यावर निघू, असे म्हणून तो थांबतो. गोष्टीत क्रम उलटा आहे. आधी निघणे, मग कनानातल्या शखेमला पोचल्यावर देश दाखवणे आणि तो देण्याचे वचन. अब्राम तिथे वेदी बांधतो, म्हणजे दगड रचून अर्पणाची जागा करतो. पुढे बेथेलजवळ डेरा देऊन आणखी एक. या वेद्या वहीत खुणेने दाखवा.

आता तिसरा टप्पा. इथे जरा जास्त थांबू, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

अब्रामाने आज्ञा मानली, वचनाच्या देशात पोचला, आणि लगेच दुष्काळ पडला. माझे काय चुकले, हा प्रश्न अशा वेळी मनात येतोच. अध्याय मात्र दुष्काळाला शिक्षा म्हणत नाही. दुष्काळ पडला, एवढेच सांगतो. पाऊस दडी मारतो म्हणजे काय, आणि पोट भरायला सुरत-उधन्याकडे का जावे लागते, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगायला नको. अब्राम मिसर देशात गेला. जाण्याबद्दल त्याला बोल लावलेला नाही.

त्याने केले ते वेगळेच. जिवाच्या भीतीने त्याने बायको सारायला बहीण म्हणून सांगायला लावले. ती फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, वाड्यात नेली गेली आणि अब्रामाला मेंढरे, बैल, गाढवे, उंट, दासदासी मिळाल्या. पुरुषाच्या श्रद्धेची आणि भीतीचीही किंमत घरातल्या बाईने मोजली. या सगळ्यात सारायला काय वाटले, ते अध्याय सांगत नाही.

मराठीत मात्र लक्ष्मीबाई टिळक यांनी असा प्रवास आपल्या बाजूने लिहून ठेवला आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना, म्हणजे बोदवडवरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग पुढे जातो त्याच मार्गावर, डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या, मग पतीकडे आल्या, आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ‘मला देवाने बोलावले आहे’ असे घरात जाहीर करण्याआधी घरातल्यांशी बोलावे, हा धडा त्यांतून जितका नीट उमजतो तितका प्रवचनातून उमजत नाही.

मिसरमध्ये अब्रामाने वेदी बांधल्याचा उल्लेख नाही. वहीत तिथे खूण पडणार नाही. १३ व्या अध्यायात तो परत बेथेलला, आधी बांधलेल्या वेदीच्या जागी येतो. वाट चुकल्यावर नवीन काही शोधायचे नसते, सुटले होते तिथून पुन्हा धरायचे असते. मला विचाराल तर या प्रवासाचे मर्म इसहाकाच्या अर्पणाच्या मोरिया डोंगरापेक्षा इथे जास्त आहे.

चौथा टप्पा वाटणीचा. मिसरहून आलेल्या संपत्तीने गुरे वाढली, चराई पुरेना, काका-पुतण्यांचे गुराखी भांडू लागले. अब्राम वडील होता, निवड करण्याचा मान त्याचा. त्याने पुतण्या लोटाला आधी निवडू दिले. लोटाने पाण्याची जमीन घेतली. विहिरीचा तुकडा धाकट्याने उचलावा आणि थोरल्याने कोरडवाहूवर सही करावी, तसेच हे. बांधावरून कोर्टात गेलेल्या ख्रिस्ती भावांनी हा अध्याय एकत्र बसून वाचावा. पुढच्याच अध्यायात लोट कैद झाला तेव्हा ३१८ माणसे घेऊन याच काकाने त्याला सोडवले.

पाचवा टप्पा थांबण्याचा. १५ व्या अध्यायात देव करार करतो, म्हणजे स्वतःला बांधून घेणारे वचन देतो: संतती होईल. मग वर्षे जातात. आता वहीतली वये पाहा. कनानमध्ये दहा वर्षे झाल्यावर सारायने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. तिला इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा, आणि सारायला इसहाक झाला तेव्हा १००. देवाचे काम आपण लवकर उरकून देऊ, या घाईचा भार पडला हागारवर. ती रानात पळाली तेव्हा देवाच्या दूताने तिला शोधले, हे वाचायला विसरू नका. २० व्या अध्यायात अब्राहाम (१७ व्या अध्यायात अब्रामाचे नाव अब्राहाम आणि सारायचे सारा झाले) गरारला पुन्हा तेच बहिणीचे खोटे बोलतो. पंचवीस वर्षे चालूनही जुनी खोड गेलेली नाही.

सहावा टप्पा मोरियाचा, २२ वा अध्याय. इसहाकाचे अर्पण मागितले जाते आणि ऐनवेळी देवच हात थांबवतो. इथे सावध राहावे. घरातल्या आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याऐवजी ‘देव परीक्षा पाहतोय’ म्हणून बसवून ठेवायला हा अध्याय आधार देत नाही. कुणी तसा अर्थ लावलाच, तर हात थांबवला आहे ती ओळ त्याला दाखवावी.

शेवटचा टप्पा साधा आहे. सारा १२७ व्या वर्षी वारली. सगळा देश वचनाने मिळालेला, पण पुरायला वीतभर जमीन नाही. एफ्रोन हित्ती फुकट देऊ म्हणाला तरी अब्राहामाने वेशीत, साक्षीदारांसमोर ४०० शेकेल रुपे मोजून मकपेलाचे शेत व गुहा विकत घेतली. वचन आहे म्हणून त्याने व्यवहार कच्चा ठेवला नाही. मंडळीच्या जागेचे, दफनभूमीचे कागद बघणाऱ्यांनी २३ वा अध्याय जरूर वाचावा.

तो स्वतः १७५ व्या वर्षी वारला. त्याला त्याच गुहेत इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून पुरले.

हे सगळे संपल्यावर नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय उघडा. त्यात अब्राहामाचा विश्वास आहे, मिसरचे खोटे नाही आणि गरारचेही नाही. तो आधी वाचला तर अब्राहाम आपल्या आवाक्याबाहेरचा वाटतो; म्हणून तो सगळ्यात शेवटी वाचा.