आधी केसपेपर, मग तक्रार

उपचारात हयगय झाल्याचा संशय आला, की पनवेलमधील नातेवाईक अनेकदा थेट पोलिस ठाणे गाठतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या निकालानुसार, डॉक्टरवर कारवाईपूर्वी पोलिसांनी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे लागते.

भरपाईचे दार वेगळे : अलिबागचा रायगड जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षे. हयगय सिद्ध करायची तक्रारदाराने. पुरावा मात्र रुग्णालयाच्या कपाटात. म्हणून पहिले काम, केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज देऊन पोच घेणे. वैद्यकीय आचारनियमांनुसार प्रती ७२ तासांत मिळायला हव्यात.

सर्वांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयांना मात्र ग्राहक कायदा लागू नाही. तिथल्या गरीब रुग्णाला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढता येते. केसपेपर तिथेही लागतातच.