शोधनिबंधांचे मोल आणि मोसमी पाऊस

शास्त्रज्ञाच्या कार्याचे मोल कशावरून ठरवावे? त्याने किती शोधनिबंध लिहिले एवढ्यावरूनच ते ठरविणे म्हणजे ग्रंथकाराची योग्यता त्याच्या ग्रंथांच्या वजनावरून ठरविण्यासारखे होय. म्हणून पुढील अभ्यासकांनी त्या निबंधांचा आधार किती वेळा घेतला, हे पाहण्याची पद्धत रूढ झाली. नवा निबंध लिहिताना ज्या पूर्वलेखनाचा उपयोग केला, त्याचा निर्देश करणे हा विज्ञानातील शिष्टाचार आहे. या निर्देशास संदर्भोल्लेख असे म्हणता येईल. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेची अशा उल्लेखांची सूची १९६४ पासून नियमित निघू लागली. एखादा विचार पुढे कोठवर पोहोचला, हे वाचकास शोधता यावे, हा तिचा हेतू होता.

एक सोपे गणित

२००५ साली जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला. समजा, एका संशोधकाच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ असे उल्लेख लाभले. येथे चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उल्लेख आहेत, परंतु पाच निबंधांना प्रत्येकी पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४ झाला. आता पहिल्या निबंधाचे उल्लेख ४० ऐवजी ४०० झाले, तरी निर्देशांक ४ च राहतो! एखाद्या निबंधाने सबंध शास्त्राला नवी दिशा दिली, तरी या आकड्यास त्याची वार्ता नसते.

ढगांच्या पट्ट्याची कथा

पुण्यात १९४४ साली जन्मलेल्या आणि २०२५ साली दिवंगत झालेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. १९८० साली त्यांनी डी. आर. सिक्का यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. १९७३ ते १९७७ या वर्षांतील उपग्रहचित्रे दिवसागणिक तपासून त्यांनी दाखविले, की पावसाळ्यात ढगांचे दोन पट्टे असतात: एक भूमीवर, १५ अंश उत्तर अक्षांशाच्या वर, आणि दुसरा विषुववृत्तानजीकच्या समुद्रावर. भूमीवरील पट्टा सुमारे महिन्याहून अधिक काळ स्वबळावर टिकत नाही. समुद्रावरील पट्टा उत्तरेस सरकून त्यास नवजीवन देतो. पावसाचे खंड आणि पुनरागमन यांचा अर्थ त्यामुळे उलगडू लागला. मोसमी पावसाच्या अभ्यासात आजही या निबंधाचा आधार घेतला जातो.

अभ्यासिलेला प्रदेश ७० ते ९० अंश पूर्व रेखांशांमधील होता. नवा रायपुर त्यातच, सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. छत्तीसगडचा शेतकरी भात फोकून पेरतो आणि महिन्याभराने, शेतात पाणी साचले असता, उभ्या पिकातून नांगर फिरवितो. या कामास तेथे ‘बियासी’ म्हणतात. जुलैत पावसाने दीर्घ ओढ दिली, की बियासी लांबते आणि पीक घटते. २००२ च्या जुलैत देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला होता. ढगांचा पट्टा केव्हा परतेल, हा प्रश्न येथे घरातील अन्नाचा आहे.

आकड्यांच्या मर्यादा

२००६ साली गाडगीळ यांनी सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह दाखविले, की राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा बराच घटला, तरी तीव्र अवर्षणाने होणारी त्या उत्पन्नाची हानी २ ते ५ टक्के एवढीच राहिली आहे. असे लेखन नियोजनकारास मार्गदर्शक ठरते. पण नियोजनकार संदर्भोल्लेख करीत नाही, आणि शेतकरी तर नाहीच.

याशिवाय, ज्या शाखेत अभ्यासक पुष्कळ, तेथे उल्लेखही पुष्कळ. संकलनपर निबंधांना मूळ शोधापेक्षा अधिक उल्लेख मिळू शकतात. आणि चूक दाखविण्यासाठी केलेला उल्लेखही गणनेत एकच भरतो. तरुण संशोधकाच्या निबंधांना उल्लेख लाभण्यास वेळ लागतो. म्हणून भिन्न शाखांतील वा भिन्न वयांच्या शास्त्रज्ञांची केवळ आकड्यांवरून तुलना करणे अन्यायाचे ठरते.

तात्पर्य, संदर्भोल्लेखांची गणना निरुपयोगी नव्हे. पर्जन्यमापकातील पाणी पाऊस किती पडला ते सांगते. तो वेळेवर पडला की नाही आणि त्यावर काय पिकले, हे पाहण्यास शेतातच जावे लागते. तद्वत् निबंधाचे मोल जाणण्यास तो निबंधच वाचावा लागतो.